सोणाची वहाण आणि वसतिगृहातील मोबाईल

आपल्या वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या खोलीत एक हिरवे लोखंडी कपाट आहे. आमच्या काळी त्यात प्रथमोपचाराची पेटी, कॅरमच्या सोंगट्या आणि हजेरीपट असत. आज त्याच्या वरच्या दोन खणांत मोबाईल ठेवलेले असतात आणि प्रत्येकावर मुलाच्या नावाची चिठ्ठी डकवलेली असते. हे सुट्टीहून परतताना गादीच्या गुंडाळीत लपवून आणलेले आणि पुढे रात्री पांघरुणाखालच्या उजेडामुळे सापडलेले मोबाईल. या वर्षीच्या पालकसभेत निम्म्याहून अधिक वेळ या कपाटावरच चर्चा झाली. काही पालकांचे म्हणणे असे की, जग कोठल्या कोठे गेले आणि आपली मुले अजून फळा-खडूवरच आहेत. काही ज्येष्ठांचे म्हणणे असे की, पहाटे आनापान करणाऱ्या शाळेत या यंत्राचे कामच काय. सभा निर्णयावाचून संपली. या शाळेच्या वेगवेगळ्या तुकड्यांतून बाहेर पडलेले आम्ही काही माजी विद्यार्थी त्या सभेत मागच्या बाकांवर बसलो होतो. तेथे जे बोलता आले नाही ते या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडत आहोत.

आमच्या मते दोन्ही बाजूंनी प्रश्नच चुकीचा घेतला. यंत्र नवे की जुने, धम्माशी सुसंगत की विसंगत, असा तो प्रश्न नाही. धम्माला नव्या साधनाचे भय कधी वाटले नाही, हे इतिहासावरून सहज दाखविता येते. सम्राट अशोकाने आपला संदेश शिळांवर आणि स्तंभांवर कोरविला. त्या काळी याहून नवे माध्यम नव्हते. इसवी सनपूर्व पहिल्या शतकात, दुष्काळ आणि युद्ध यांत पाठांतर करणारे भिक्षूच उरणार नाहीत या भीतीने, श्रीलंकेच्या भिक्षुसंघाने तोवर मुखोद्गत असलेले तिपिटक ताडपत्रांवर उतरविले. छापल्याची तारीख नमूद असलेला जगातील सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ म्हणजे चीनमध्ये इसवी सन ८६८ मध्ये लाकडी ठशांनी छापलेले वज्रसूत्र. ते एका गृहस्थाने आपल्या आईवडिलांच्या नावे सर्वांना विनामूल्य वाटण्यासाठी छापविले, असे त्याच्या अखेरीस लिहिलेले आहे. कोरियातील एका विहाराने १३७७ मध्ये सुट्या धातूच्या खिळ्यांनी ग्रंथ छापला, तोही गुटेनबर्गच्या बायबलच्या सुमारे पाऊणशे वर्षे आधी. आणि आपल्या इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने विसाव्या शतकाच्या अखेरीस छट्ठ संगायनाची संपूर्ण पाली संहिता देवनागरीसह अनेक लिप्यांत सीडीवर आणली. तेव्हा 'बुद्धाच्या शाळेत यंत्र कशाला' या आक्षेपाचे उत्तर बुद्धाच्या अनुयायांनी दोन हजार वर्षांपूर्वीच दिलेले आहे.

परंतु एवढ्यावर थांबलो तर मोबाईल मागणाऱ्या पालकांची बाजू आपोआप जिंकते, आणि ते आम्हांस मान्य नाही. साधन स्वीकारावयाचे ते कोणत्या अटीवर, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी विनयपिटकातील एका प्रकरणाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. महावग्गाच्या पाचव्या खंधकात आरंभापासून चर्चा आहे ती पादत्राणांची. पायातील वहाणेवर धर्मग्रंथाने इतकी पाने का खर्च करावीत, असे शाळेत असताना आम्हांस वाटे. आता वाटते की, साध्या वस्तूविषयी समाजाने विचार कसा करावा याचा इतका तपशीलवार नमुना दुसरीकडे क्वचितच मिळेल.

चंपानगरीच्या एका धनाढ्य कुटुंबातील सोण नावाच्या तरुणाची ही कथा. इतक्या लाडात वाढलेला की त्याच्या तळपायांना कधी माती लागली नव्हती. तो भिक्षू झाला आणि अनवाणी चंक्रमण करून करून त्याची वाट रक्ताने भरली. भगवंतांनी ते पाहिले, त्याला वीणेचा दृष्टांत सांगितला, आणि पुढे म्हटले की, तू सुकुमार आहेस, तुला एकपदरी तळाची वहाण वापरण्याची मुभा देतो. यावर सोणाने दिलेले उत्तर प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर लिहावे अशा योग्यतेचे आहे. त्याचा आशय असा : मी ऐंशी गाड्या सोने सोडून आलो, आता लोक म्हणतील की, सोण एका वहाणेच्या मोहात अडकला. भगवंतांनी सर्व संघाला मुभा दिली तर मीही वापरीन. न दिली तर मीही वापरणार नाही. तेव्हा भगवंतांनी ती मुभा सर्व संघाला दिली.

प्रकरण येथे संपत नाही. मुभा मिळताच काही भिक्षू रंगीत, नक्षीदार, किनारींच्या वहाणा घालू लागले. त्यांस मनाई झाली. कोणी पहाटे उठून लाकडी खडावा घालून खडखडाट करीत, राजांच्या, चोरांच्या, युद्धांच्या, खाण्यापिण्याच्या गप्पा मोठमोठ्याने मारीत फिरू लागले. त्यांच्या पायांखाली किडे चिरडले गेले आणि ध्यानाला बसलेल्यांची समाधी मोडली. खडावांसही मनाई झाली. मात्र पुढे दूरच्या अवंती-दक्षिणापथातून निरोप आला की, आमच्याकडची जमीन वर काळी, खरखरीत, गुरांच्या खुरांनी तुडवलेली आहे, एकपदरी वहाण तेथे टिकत नाही. तेव्हा त्या सीमाप्रदेशापुरती अनेक पदरी वहाण मान्य झाली. काळ्या, खडबडीत जमिनीचा हा उल्लेख वाचताना उन्हाळ्यातले आपले शेत डोळ्यांपुढे आल्यावाचून राहत नाही.

आता वहाणेच्या जागी मोबाईल ठेवून पाहावा. गरज खरी आहे काय, हे रक्त पाहून ठरविले गेले, हौस पाहून नव्हे. एकाला मिळणारी सोय सर्वांना मिळते काय, हे लाभार्थ्याने स्वतःच विचारले. साधन मिरविण्याची वस्तू झाले तेथे नियम कडक झाला. शेजाऱ्याचे चित्त विचलित करू लागले तेथे बंदी आली. आणि जेथे जमीनच वेगळी तेथे नियम सैल झाला. राजांच्या, चोरांच्या आणि खाण्यापिण्याच्या गप्पा मोठ्याने चालविणारे ते खडावावाले पाहिले की आम्हांस आमचाच व्हॉट्सॲप गट आठवतो, हे कबूल केले पाहिजे.

यंत्राकडे पाहण्याची बाबासाहेबांची दृष्टी याच अंगाने जाते. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस व गांधी यांच्या अस्पृश्यविषयक कार्याची चिकित्सा करणाऱ्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी यंत्रविरोधी विचारांचा परखड समाचार घेतला आहे. माणसाला पशुवत् कष्टांतून सोडवून विचार करण्यापुरती फुरसत देण्याचे सामर्थ्य यंत्रात आहे. यंत्राचे जे दुष्परिणाम दिसतात त्यांचा दोष यंत्राकडे नसून त्याचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेकडे आहे, हा त्यांचा मुद्दा. हे केवळ ग्रंथापुरते राहिले नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याची योजना, वीज व जलनियोजनाच्या केंद्रीय यंत्रणा यांची आखणी त्यांच्या खात्याने केली. आणि कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे विधेयकही त्यांनीच मांडले. वीज आणि फुरसत ही त्यांच्या लेखी एकाच कामाची दोन अंगे होती.

यंत्राची भीती बाळगणे ही चैन कोणाला परवडते, हे आपल्या समाजाने विसरू नये. आजही आपल्या शहरांत माणसे गटारात उतरतात आणि विषारी वायूने गुदमरून मरतात. हाताने मैला साफ करविण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ मध्ये झाला. मॅनहोलमध्ये उतरून सफाई करणारा यंत्रमानव केरळमधील तरुण अभियंत्यांनी बनविला आणि २०१८ मध्ये तो तिरुवनंतपुरममध्ये कामालाही लागला. म्हणजे कायदा आहे, यंत्र आहे, तरी माणूस उतरतो. कारण कोणत्या जातीचा माणूस उतरतो हे सर्वांना ठाऊक आहे. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ यान उतरविणाऱ्या देशाला गटारात यंत्र उतरविता येत नाही, यावर आमचा विश्वास नाही.

हा हिशेब दुसऱ्यांकडे मागणे सोपे आहे. आमच्याकडे तो मागितला गेला तेव्हा काय झाले, ते सांगणे भाग आहे.

मार्च २०२० मध्ये वसतिगृह रिकामे झाले. मुले वळकट्या घेऊन गावी गेली आणि शिक्षण मोबाईलवर आले. आपल्या शिक्षकांनी शिकस्त केली. रात्री उशिरापर्यंत गणिताच्या पायऱ्या वहीवर लिहून, फोटो काढून ते पाठवीत राहिले. परंतु ज्या घरी फोन होता त्या घरीच ते फोटो पोहोचले. नववीतील एका मुलीची हकिकत तिच्या वर्गशिक्षिकेने आम्हांस नंतर सांगितली. आईवडील ऊसतोडीला जाणारे, घरात फोन एकच. जूनपासून दिवाळीपर्यंत ती धाकट्या भावाबरोबर तो वाटून घेई. त्याचा तास आधी, मग हिचा. दिवाळीनंतर टोळी कारखान्यावर निघाली आणि फोन वडिलांबरोबर गेला. तिने शेजारच्या दुकानदाराच्या फोनवरून एकदा बाईंना विचारले की, बीजगणिताचा पुढचा धडा कोणता. तो तिचा शेवटचा फोन. पुढे शाळा उघडली तेव्हा ती आली नाही. आणखी वर्षभराने शाळा सोडल्याचा दाखला नेण्यास आली, तेव्हा सोबत सासू होती.

त्या काळात आम्ही माजी विद्यार्थी काय करीत होतो? आमच्यातील बहुतेकांच्या घरी माणशी एक फोन आणि वर लॅपटॉप होता. पुण्यात, नागपुरात, काहींच्या बाबतीत परदेशात आम्ही घरबसल्या काम करून पूर्ण पगार घेत होतो. गटावर रोज सकाळी बुद्धमूर्तीचे चित्र आणि 'नमो बुद्धाय, जय भीम' येत होते. त्या वर्षी आम्ही निधीही जमविला, विहाराच्या रंगकामासाठी. विहार सुंदर दिसतो. पण त्याच पैशांत साधे फोन घेऊन गावोगावच्या मुलींकडे पाठवावेत, हे आमच्यापैकी एकालाही सुचले नाही. ऐंशी गाड्या सोने सोडून आलेल्या सोणाला जे सुचले ते वाटेवर चालू लागलेल्या आम्हांस सुचले नाही, ही बोच या लेखामागे आहे. म्हणून 'मुलांना मोबाईल द्यावा की नाही' असे कोणी विचारले की आम्ही उलट विचारतो, कोणत्या मुलांना?

वैयक्तिक मोबाईलला परवानगी देण्यास आमचा विरोध आहे, त्याचे पहिले कारण हेच. परवानगी दिली की ज्याचा बाप घेऊ शकतो त्याच्या हाती वीस हजारांचा फोन येईल आणि शेजारच्या खाटेवरचा मुलगा त्याच्या खांद्यावरून पाहत बसेल. एकाच ताटापुढे, एकाच गणवेशात सर्वांना बसविणे ज्या शाळेने साठ जणांच्या दालनात साध्य केले, तेथे नक्षीदार वहाणा पुन्हा येतील.

दुसरे कारण चित्ताचे. येथे पुष्कळ लिहिता येईल, पण जे पालक रात्री अकरानंतर स्वतः एकामागून एक रील पाहतात त्यांस ते लिहून सांगण्याची आवश्यकता नाही. एवढेच म्हणू की, पहाटेच्या आनापानात मूल जे शिकते ते म्हणजे लक्ष आपले आहे, ते पळाले तर आपण परत आणू शकतो. आणि खिशातील ॲपची रचनाच अशी की, ते लक्ष पळावे आणि पळतच राहावे; त्याच्या मालकाचे उत्पन्न त्यावर चालते. बारा वर्षांच्या मुलाला या दोहोंमध्ये एकटे सोडणे म्हणजे चढाओढ नव्हे, क्रूरता आहे. याच्या उलट एक गैरसमजही खोडला पाहिजे. अलीकडे मोठ्या कंपन्यांतून कर्मचाऱ्यांस दहा मिनिटांचे ध्यान शिकवितात, कशासाठी, तर पुढचे दहा तास न कुरकुरता काम व्हावे म्हणून. आमच्यापैकी अनेकांनी ते वर्ग केले आहेत. श्वास मोजता येतो, पण दहा तास का, हा प्रश्न तेथे विचारता येत नाही. शील बाजूला ठेवून शिकविलेली ती सती बाबासाहेबांच्या धम्मात बसत नाही.

आणि केसपुत्त गावच्या कालामांना केलेला उपदेश? ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, सांगणारा थोर दिसतो म्हणून मानू नका, स्वतः तपासा. हा उपदेश आपण दर बुद्धपौर्णिमेला अभिमानाने सांगतो. गेल्या वर्षी आमच्या गटावर बाबासाहेबांच्या नावाने एक जळजळीत वाक्य फिरत आले. आम्ही ते पुढे पाठविले, एकाने फलकही छापून घेतला. शाळेतल्या इतिहासाच्या सरांनी विचारले, कोणत्या खंडात, कोणत्या पानावर? शोध शोध शोधले, कोठेही सापडले नाही. फलक उतरविला. सर काही बोलले नाहीत, ते अधिक लागले.

उपजीविकेविषयीही दोन शब्द, कारण आपल्या शाळेचे कितीतरी विद्यार्थी आता याच क्षेत्रात आहेत. उपासकाने शस्त्र, प्राणी, मांस, मद्य व विष यांचा व्यापार करू नये, असे पाली निकायांत सांगितले आहे. त्या यादीत संगणक नाही म्हणून आपण निश्चिंत राहावे काय? आमच्यातील एक मित्र पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळाच्या कंपनीत होता. गावाकडे सख्ख्या चुलतभावाने त्याच खेळात बैलजोडीचे पैसे घालविले, तेव्हा त्याने नोकरी सोडली. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. पण राजगृहाच्या सिगाल नावाच्या तरुणाला भगवंतांनी जुगाराचे सहा तोटे मोजून सांगितले होते : जिंकल्यास वैर, हरल्यास शोक, धनाचा नाश, सभेत शब्दाला किंमत नाही, मित्रांत अवहेलना, आणि मुलगी द्यावयास कोणी तयार नाही. शेवटचा तोटा वाचून वर्गात हशा पिकत असे. मित्राने नोकरी सोडली तेव्हा घरावर कर्ज होते आणि त्याच्या निर्णयाचे आमच्यात फारसे कौतुक झाले नाही, हेही नमूद करतो.

आता आमची सूचना. दहावीपर्यंतच्या मुलांस स्वतःचा मोबाईल वसतिगृहात नसावा. त्याऐवजी शाळेच्या मालकीचे, एकसारखे टॅब्लेट व संगणक ग्रंथालयात असावेत, इतके की अभ्यासिकेच्या वेळी प्रत्येकाची पाळी दिवसाआड येईल. दर रविवारी प्रत्येक मुलाला घरी व्हिडिओवर बोलता यावे. ज्याच्या घरी असा फोन नाही त्याच्या गावातील माजी विद्यार्थ्याने तेवढ्यापुरता आपला फोन घेऊन त्याच्या आईकडे जावे. दीर्घ सुट्टीत, किंवा पुन्हा शाळा बंद पडलीच तर, ही यंत्रे मुलांबरोबर गावी जावीत, आणि मुलींना ती आधी मिळावीत. अकरावी-बारावीच्या मुलांची जमीन वेगळी आहे. त्यांस प्रवेशपरीक्षांचे अर्ज, शिष्यवृत्तीचे संकेतस्थळ, बँकेचे संदेश हे सारे स्वतः हाताळावे लागते. त्यांच्यासाठी नियम सैल असावा. आणि भोजनगृहात व विहारात कोणाचाच फोन नसावा, यात शिक्षक, विश्वस्त आणि वर्धापनदिनास येणारे आम्ही पाहुणेही आलो.

खर्चाचा प्रश्न निघेल. पहिल्या खेपेचा खर्च माजी विद्यार्थ्यांनी उचलावा आणि त्यापुढे दुरुस्तीसाठी एक कायम ठेव ठेवावी. ही कल्पना आमची नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा उषवदाताचा लेख आहे : तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमचे ठेवले, मुद्दल खर्चावयाचे नाही, व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या भिक्षूंना चीवर व इतर खर्च द्यावयाचा. व्याजाचा दरही दगडात कोरला आहे. आम्हांस निदान ठेवीची पावती सूचनाफलकावर लावता येईल.

हे नियम कायमचे आहेत, असे आमचे म्हणणे नाही. अवंतीहून निरोप आला तसा तो मुलांकडूनही येऊ द्यावा. येत्या आषाढी पौर्णिमेला वर्षावासाच्या आरंभी विश्वस्त मंडळ, शिक्षक व पालक यांची पुन्हा सभा व्हावी आणि तीत प्रत्येक इयत्तेचे दोन प्रतिनिधी, एक मुलगा व एक मुलगी, मतासह बसावेत. गेल्या सभेत ज्यांचे फोन त्या हिरव्या कपाटात होते, त्यांच्यापैकी एकालाही आपण बोलावले नव्हते.